अर्धा वर आलेला हात

भाचीच्या सैनिकी शाळेत धावण्याची शर्यत नुकतीच संपली होती. टेकडीपलीकडच्या झेंड्याला वळसा घालून यायचं. तिथे पहारा कुणाचाच नसतो. म्हणून चषक देण्याआधी प्रिन्सिपल सर धावलेल्या मुलींच्या रांगेला विचारतात, "कुणाची काही हरकत?" आणि थांबतात. खोटं वागणारी दोषी, ते पाहून गप्प बसणारीही तितकीच दोषी, असा तिथला नियम.

त्या दिवशीही त्यांनी विचारलं. सावधान उभ्या असलेल्या माझ्या भाचीचा, सायलीचा, हात मांडीपासून सुटला, खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. नजर पहिल्या आलेल्या रेवतीवर, तिच्या जिवलग मैत्रिणीवर. वाटलं, हा हात वर गेला तरी काहीतरी मोडणार, खाली आला तरी मोडणार. प्रामाणिकपणावर भाषणं ठोकणाऱ्या आपल्याला अशा हाताचं वजन कुठे ठाऊक असतं!

तेवढ्यात रेवतीच पुढे आली. "सर, मी झेंड्यापर्यंत गेले नाही. अलीकडूनच वळले."

सायलीचा हात धपकन खाली पडला.

नंतर मी म्हटलं, "बिचारीचा चषक गेला गं."

"हो मामा," ती म्हणाली, "पण मला वाचवलं तिनं."