हिरव्याची ओळ

कवडूच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथा जन्मला तेव्हा सुइणीने त्याला सुपात घातलं, शेजारणीला एका कवडीला विकलं आणि तिच्याकडून पुन्हा मागून घेतलं. विकलेल्या पोराकडे यम पाहत नाही, असं आमच्याकडे मानतात. पोर जगलं आणि नाव कवडू पडलं.

इथवर ठीक होतं. पण पार्वतीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, जिला तो बाई म्हणायचा, ही गोष्ट कधी जुनी होऊच दिली नाही. पोराला ताप आला, पोरगा नापास झाला, ताटात भात टाकून उठला, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "त्या तिघाईनं तुया वाटचं मरन नेलं गा, कवडू. नीट राह्य." त्या हे मायेनेच म्हणायच्या, त्यात वाद नाही. पण रोज उठून मायेने असं ऐकणाऱ्या पोराचं काय होतं, ते कवडूकडे पाहून कळायचं. तो रस्त्याच्या कडेने चालायचा. दुसऱ्यांदा भाजी मागायचा नाही. तिशीला आला तरी या जगात आपण कोणाची तरी जागा अडवून बसलो आहोत, असाच त्याचा चेहरा असायचा.

नोकरीही त्याला स्वभावाला साजेशीच मिळाली होती. सीताबर्डीवरच्या एका साड्यांच्या दुकानात तो घड्या घालायचा. बायका पंचवीस साड्या उलगडून एकही न घेता उठून गेल्या की गादीवर पडलेला तो ढीग कवडूचा. मालक गिऱ्हाईकाशी बोलायचे, विक्रेते बोलायचे. कवडूशी बोलण्याचं कोणाला कारण नव्हतं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर भैयाजींचं व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं ते पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात. कवडू तिथे पहिल्यांदा गेला तो खेळायला नाही, कूलरसाठी. मे महिन्याची दुपार, खाली पंखा गरम हवा फेकत होता आणि वर नवी कोरी खस लावलेला कूलर. फुकट उभं राहणं बरं दिसेना, म्हणून त्याने टोकन घेतलं. काउंटरवर भैयाजींची बहीण शामला बसायची. तिने बोटाने कोपऱ्यातली एका गेमची पेटी दाखवली. "तो खेळा, दादा. त्याच्यात एकटं नाही वाटत."

खरंच होतं ते. पडद्यावर अंधारं आकाश, त्यात आपलं पांढरं यान, आणि पहिला ग्रह ओलांडला की डाव्या बाजूने एक हिरवं यान आपसूक येऊन सोबत उडायला लागायचं. त्याला चालवणारा कोणी नव्हता. ते मशीनचंच होतं. पण आपण वळलो की ते वळायचं, आपल्यामागे शत्रू लागला की ते मध्ये यायचं. मशीन जपानातून कुठून कुठून फिरत आलेलं, पडद्यावरची सगळी अक्षरं तिकडची, त्यामुळे खेळाचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे म्हणायचे, हिरव्याचा गेम. कवडू त्या दिवशी हरला, आणि हरताना हिरवं यान त्याच्या भोवती एक घिरटी घालून गेलं. आपण बुडताना कोणी वळून पाहिलं, हे त्याच्या आयुष्यात नवीन होतं. दुसऱ्या दिवशी ऊन कमी होतं, तरी तो वर गेला.

पुढच्या वर्षी दुसरा भाग आला. त्यात हिरवा कैदेत पडतो आणि आपण त्याला सोडवून आणायचं. तोवर पार्लरात हिरव्याची मंडळीच जमली होती. कॉलेजची पोरं होती, एक रिक्षावाला होता, आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यातले कंपाउंडर नानाजी होते. नानाजी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवून खेळायचे. हिरवा पहिल्यांदा सुटला तो त्यांच्याच हातून, आणि त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले. घरी नातू झाला असता तरी हात इतका सैल सुटला नसता, असं त्यांच्याच तोंडचं. कवडूही त्या घोळक्यात उभा राहून हसला. तो हसतो हे तेव्हा बऱ्याच जणांना कळलं.

मग तिसरा भाग आला आणि सगळं विस्कटलं.

भैयाजींनी नवी पेटी घेतली नाही. पहिल्या भागाच्या जुन्या पेटीतच नवा सर्किट बोर्ड बसवून आणला. खेळ मात्र आधीच्या दोन्हींपेक्षा सुंदर होता. आणि शेवटी, लाल ग्रहाच्या किल्ल्यापाशी, तोफेचा लोळ आपल्यावर येतो तेव्हा हिरवा पुढे होतो. तो लोळ अंगावर घेतो. मग लंगडत मागे पडतो, एका काळ्या भोवऱ्याच्या काठाशी थांबतो, आणि पडद्याच्या खाली जपानी अक्षरांची एक ओळ लुकलुकायला लागते. दहा-बारा वेळा लुकलुकते. मग हिरवा भोवऱ्यात जातो. आपण एकटेच घरी पोचतो. निळी पृथ्वी येते, तेच गाणं वाजतं, आणि यान उतरतं तेव्हा शेजारची जागा रिकामी असते.

पहिल्यांदा हे झालं त्या दिवशी पार्लर लवकर रिकामं झालं. रिक्षावाला खाली गेला तो आठवडाभर फिरकला नाही. कॉलेजच्या पोरांनी भैयाजींशी भांडण काढलं, जसं काही हिरव्याला त्यांनीच मारलं. नानाजी म्हणाले, "काही तरी युक्ती असंल बाप्पा. असा कोणी सोडते का आपल्या माणसाले?"

मग युक्त्या सुरू झाल्या. वाटेतले सगळे शत्रू मारून पाहिले, एकही न मारता जाऊन पाहिलं. लोळ स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिला. आपण मेलो की हिरवाही जायचा. नानाजींनी टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला आणि ते घरी कोणाला सांगू नका म्हणून बजावलं. काही उपयोग झाला नाही. हळूहळू मंडळींनी एक गोष्ट मान्य केली, की ती लुकलुकणारी ओळ म्हणजे हिरव्याचा निरोप आहे. नानाजी म्हणत, तो सांगतो, माझी काळजी करू नको. पोरं म्हणत, तो म्हणतो, बदला घे. कवडू काही म्हणत नसे. ती ओळ आली की तो यान वळवायच्या दांड्यावरचा हात काढून दोन्ही हात जोडायचा आणि अक्षरं विझेपर्यंत तसाच उभा राहायचा. ते पाहून बाकीचेही तसं करायला लागले, आणि पार्लरात ती रीतच पडली. हसणारे हसले असतील; वर येऊन पाहिलं असतं तर हसले नसते.

रामटेकच्या जत्रेत कवडूने ती ओळ डाव्या हातावर गोंदवून घेतली. पडद्यावरून कागदावर उतरवलेली अक्षरं त्याने गोंदणारणीपुढे धरली. तिने अक्षराला अक्षर उठवलं. घरी पार्वतीबाईंनी हात पुढे ओढून पाहिला.

"हे काय लिवलं?"

"निरोप हाये बाई एकाचा."

"कोनाचा?"

"माह्यासाठी गेला त्याचा."

पार्वतीबाईंना ते आपल्या गेलेल्या तिघांचंच वाटलं. त्यांनी त्या अक्षरांना हात लावून कपाळाला लावला. कवडूने काही खुलासा केला नाही. खरं सांगायचं तर त्याच्या मनातही आता ते वेगळं राहिलं नव्हतं. रोज दुपारी तो वर जायचा तो एकाच हेतूने: आपल्यापायी जाणारा एक तरी आपण परत आणायचा. ते जमेना. दुकानात त्याच्या घड्या चुकायला लागल्या. जेवण सुटलं. मालकांनी दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा अर्धा पगार कापला, आणि तरी दुपार झाली की त्याचे पाय जिन्याकडेच वळत.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर भैयाजींनी सांगून टाकलं, "पार्लर बंद करून राहिलो गा. आता व्हिडिओ कॅसेटचा जमाना हाये. मशीन छिंदवाड्याच्या मेलेवाल्याले विकली. इतवारच्या दिवशी घेऊन जाईल."

आता त्याच रविवारी कन्हानला कवडूसाठी मुलगी पाहायला जायचं ठरलेलं. गोपिका नाव, कोळसा खाणीतल्या हजेरी बाबूची मुलगी. इतकी वर्षं कवडूने प्रत्येक स्थळ टाळलं होतं. या वेळी पार्वतीबाईंनी पाया पडून होकार घेतला होता. रविवारी सकाळी त्या नवं लुगडं नेसून नंदनवन वस्तीतल्या आपल्या खोलीत बसल्या. कवडू "पान घेऊन येतो" म्हणून निघाला तो थेट सीताबर्डीला.

पार्लरात नानाजी होते, शामला होती, भैयाजी दोरखंड आणायला गेले होते. मेलेवाल्याचा, म्हणजे जत्रेत खेळ लावणाऱ्याचा, माणूस रुपराव पेटीचं मागचं दार उघडून आतल्या तारा तपासत होता. कवडू काकुळतीला आला. "एकदा खेळू द्या. एकच डाव. मंग न्या."

"खेळ ना," रुपराव म्हणाला. मग आत डोकं घालून म्हणाला, "हे दुसरं बटन काहून नाही लावलं गा तुमी?"

"कोणतं दुसरं?" नानाजींनी विचारलं.

रुपरावने बोर्डाकडून येणाऱ्या दोन तारा बाहेर ओढल्या. टोकांना काळी पट्टी गुंडाळलेली. "हा बोर्ड दोन बटनाचा हाये. पेटी जुनी, तिले भोक एकच. बसवणाऱ्यानं दुसरं बटन बांधून ठेवून देल्लं. एकानं गोळी चालते म्हणून तुमचंही चालून गेलं."

"दुसऱ्यानं काय होते?"

"थे मले काय माहीत? जोडून पाहा. झटका नाही लागत याचा."

शामला काउंटरवरून उठून आली. तिने पट्टी सोडली आणि एकेका हातात एकेक तार धरली. कवडूने खेळ सुरू केला. वाट पाठ होती. किल्ला आला. लोळ आला. हिरवा पुढे झाला, लंगडला, भोवऱ्याच्या काठाशी जाऊन थांबला. ओळ लुकलुकायला लागली. सवयीने कवडूचे हात जोडले गेले.

"शामलाताई," नानाजी हळूच म्हणाले, "लावा."

तिने तारा एकमेकींना टेकवल्या. ओळ तिथल्या तिथे विझली. हिरव्या यानाने नाक वळवलं, आणि ते सरळ कवडूच्या पांढऱ्या यानाशेजारी येऊन उभं राहिलं.

नानाजी खाली बसले आणि रुमाल तोंडाला लावून रडले. शामला तारा सोडायलाच तयार नव्हती. पडद्यावर दोन यानं घरी निघाली, निळी पृथ्वी आली, गाणं वाजलं, दोघे शेजारी शेजारी उतरले. ज्याच्यासाठी माणसाने दोन वर्षं जीव जाळला ते समोर घडत होतं, आणि कवडू तिकडे पाहतच नव्हता. तो आपल्या डाव्या हाताकडे पाहत होता. निरोप नव्हताच तो. बटण दाबा, त्याला बोलवा, एवढंच ती ओळ सांगत होती. हिरवा दर वेळी त्या काठाशी थांबून वाट पाहायचा, आणि आपण त्याच्यापुढे हात जोडून उभे. आपणच सगळ्यांना तसं उभं राहायला शिकवलं.

"अजून एक डाव खेळता का, दादा?" शामलाने विचारलं. कवडूने नकारार्थी मान हलवली. भैयाजी दोरखंड घेऊन आले आणि मशीन जिन्याने खाली गेलं.

दिवेलागणीला तो घरी पोचला. पार्वतीबाई त्याच लुगड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. कन्हानच्या लोकांना आता तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता, तरी ठरलेलं वाक्य आलंच. "त्या तिघाईनं तुया वाटचं मरन नेलं, अन् तू असा वागून राहिला."

कवडू त्यांच्यापुढे बसला. बाही वर करून त्याने हात पुढे केला.

"बाई, हे निरोप नाही वं. चुकलं माहं. हे म्हणते, त्याले बोलाव. थो थांबला होता. बोलावला असता तं येत होता."

पार्वतीबाई त्या अक्षरांकडे पाहत राहिल्या. हा कोण, कुठला, काही त्यांनी विचारलं नाही. मग ज्या गोष्टीचा उच्चार त्यांनी जन्मात केला नव्हता, ती भिंतीकडे पाहून सांगू लागल्या.

"तिसऱ्याच्या वक्ती शेजारीन म्हने, मेडिकलच्या दवाखान्यात ने. रातीच टांगा दारात उभा केला तिनं. लेकरू डोळे उघडून पाहे माह्याकडं. मी म्हनलं, दोन गेले, हेही जानारंच हाये, कायले हाल करू त्याचे. मांडीवर घेऊन देवाचं नाव घेत बसली."

कवडूने बाही खाली ओढली. पार्वतीबाईंनी ती पुन्हा वर सारली आणि त्या ओळीवर आपला तळहात ठेवला.

"सकाळपावतर जित्तं होतं गा थे," त्या म्हणाल्या.