काळ्या स्क्रीनमागचे मुठे

खरवईच्या स्वप्नालीने लग्नानंतर बरीच वर्षं सासरची भातशेती केली. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तेव्हा ती उल्हासनगरला एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात धागे कापायला जाऊ लागली. हात धाग्यांवर असायचे, नजर मात्र कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. तिथे हरेशभाई भरतकामाची डिझाइनं आखायचे. टाका कुठून निघेल, कुठे वळेल, रंग कुठे बदलेल, हे सगळं आधी स्क्रीनवर ठरायचं आणि मग ती फाइल मशीनला द्यायची.

एके दिवशी तिने विचारलं, "हरेशभाई, मला शिकवाल?"

"बैठो ना ताई, त्यात काय," ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ती शिकली. पुढे एक जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि इतरांच्या वेलबुट्ट्या करून देऊ लागली. स्वतःच्या मनातलं पहिलं डिझाइन मात्र तिने केलं ते पुतणी प्रगतीच्या हळदीसाठी. साडीच्या पदरावर भाताच्या लोंब्या आणि त्यांतून तिरके पळणारे मुठे, म्हणजे बांधावरचे लहान खेकडे. सासू विठाआईने उभ्या आयुष्यात असे कितीतरी मुठे हाताने धरले होते. ती मागे उभी राहून चुका काढायची.

"एक नांगी मोठी आसते गो त्याची. दोनी सारख्या नको करूस."

हळद उद्यावर आली तरी कारखान्यातलं मशीन रिकामं मिळत नव्हतं. सकाळी हरेशभाईंचा फोन आला. "ताई, एका पार्टीने ऑर्डर पुढे ढकलली. मशीन संध्याकाळपर्यंत खाली आहे. साडी आणि फाइल घेऊन निघा."

स्वप्नालीने पेनड्राइव्ह शोधला, कॉम्प्युटरचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला. स्क्रीन मात्र काळीच. मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशी अक्षरं आली आणि गेली. तिने बंद करून परत चालू केलं. तेच. मुठ्यांची फाइल दुसरीकडे कुठेही ठेवलेली नव्हती.

"काय झाला गो?" विठाआईने विचारलं. "दिवा त पेटलाय."

"दिवा पेटलाय, पण काही दिसत नाही."

तिने हरेशभाईंना परत फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"घाबरू नका," ते म्हणाले. "मॉनिटर बोलतोय म्हणजे तो जिवंत आहे. वायर दोन्हीकडून काढून घट्ट लावा."

लावली. काही नाही.

"कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. त्याची बत्ती लागते का?"

"नाही लागत."

"मग गडबड डब्याच्या आत आहे. बहुतेक रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या. खोलणार का?"

तिने आजवर कॉम्प्युटरचा डबा कधी उघडला नव्हता. पण आता भीतीपेक्षा घाईच जास्त होती. "सांगा, खोलते," ती म्हणाली.

आधी प्लग काढला. मग बटण थोडा वेळ दाबून धरलं, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाईल. स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला तर आत धुळीचा थर. विठाआईने मोबाइलची बॅटरी धरली. अंगातली वीज उतरावी म्हणून स्वप्नालीने डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि हरेशभाईंनी सांगितल्याप्रमाणे खाचांच्या टोकांचे चिमटे दाबले. रॅमच्या दोन हिरव्या पट्ट्या वर आल्या. त्यांचे पिवळे दात काळवंडले होते. ते तिने खोडरबराने हलकेच घासले, मऊ ब्रशने धूळ झटकली.

"आता एकच लावा. टक् आवाज येईपर्यंत दाबा."

टक् झालं. प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळीच.

"दुसरी लावून बघू?" स्वप्नालीनेच विचारलं.

"अगदी बरोबर. पण आधी प्लग काढा."

पहिलीच्या जागी दुसरी पट्टी बसली. पंखा जोरात फिरला, मग मंदावला. विठाआई बॅटरी विझवायचं विसरून स्क्रीनकडेच बघत राहिली. काळ्यावर एक पांढरी रेघ लुकलुकली आणि पाठोपाठ अख्खा पडदा निळा उजळला.

"आला," विठाआई हळूच म्हणाली.

"हरेशभाई, आला," स्वप्नाली फोनमध्ये म्हणाली. "एक पट्टी मेली होती."

"एकीवर हळू चालेल, पण चालेल. पहिले कॉपी करा, बाकी नंतर."

फाइल पेनड्राइव्हवर येताच ती साडी घेऊन स्कूटरवर बसली आणि अंबरनाथ ओलांडून थेट कारखान्यात पोचली. हरेशभाईंनी पदर चौकटीत ताणला, फाइल मशीनला दिली. सुई धडधडू लागली. हिरवी लोंबी उमटली, मग पाय, मग ती मोठी नांगी. धागे कापणाऱ्या बायका आपापलं काम सोडून भोवती जमल्या. "अगं, हा तर चालतोय," एकजण म्हणाली. स्वप्नाली पुढे वाकून बघत होती. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

दुसऱ्या दिवशी मांडवात प्रगती तो पदर पुढे घेऊन बसली. हळद लावायला आलेल्या बायका आधी पदरच उचलून बघत होत्या.

"कोणी केलं गो हे?"

"काकीने," प्रगती म्हणाली. "ती बघ तिकडे."

बँजो सुरू झाला होता. विठाआईने स्वप्नालीचा हात धरून तिला केव्हाच नाचणाऱ्यांत ओढलं होतं.