आतड्याचं गडगनेर

माझं गडगनेर झालं ते लग्नासाठी नव्हे, आतड्यासाठी. शहरातले लोक ज्याला केळवण म्हणतात ते आमच्या कृष्णाकाठी गडगनेर. लग्न ठरलं की भावकी पोरीला घरोघर जेवायला बोलावते आणि उद्यापासून ती उपाशीच राहणार आहे अशा हिशेबानं वाढते. माझं लग्न काही ठरत नव्हतं. ऑपरेशन ठरलं. भावकीनं जे ठरलं ते धरलं.

मोठा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी अठ्ठावीस वर्षांची, बी.ए. बी.एड., तालुक्याच्या गावी हायस्कुलात इतिहास शिकवत होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, पुरुष धरून. हे मी तेव्हाही सांगायचे, आताही सांगते. आपलं आपण सांगितलं नाही तर लोक नुसतं वजनाचं बोलतात.

माझे वडील, आबा, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले आणि उसात रमलेले. माझी पदवी त्यांनी काचेत घालून सोप्यात लावली होती. मला बघायला येणारी मंडळी आधी पदवीकडं बघत, मग दारातून येणाऱ्या माझ्याकडं, मग पुन्हा पदवीकडं, जणू तिथं वजनही लिहिलं असावं. पोहे खाऊन जात आणि आठवड्यानं कार्ड येई: पत्रिका जुळत नाही. एकानं तर पत्रिका मागितलीच नव्हती. त्याचीही जुळली नाही.

पण मला खात होतं ते निराळंच. सकाळी जाग यायची, डोळे आढ्याला लागायचे आणि उठावं असं एकही कारण सापडायचं नाही. रडू नाही, ताप नाही. वर्गात पानिपत शिकवायचे आणि कोण जिंकलं, कोण हरलं, मला काही म्हणता काही वाटायचं नाही. सहामाहीचे पेपर तीन आठवडे गठ्ठ्यातच राहिले. शेवटी हेडमास्तरांनी गठ्ठा उचलून दुसऱ्या मास्तरांना दिला. मी नुसती बघत बसले.

दोन वर्षं हे चाललं आणि ज्याचं त्याचं निदान तयार होतं. आबा म्हणत, "पीटी न्हाई. सकाळी पाचला दौड काढली की सगळं फिट." आई म्हणे, "एवढी शिकली, लोकांच्या डोळ्यावर आली," आणि मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकी. हेडमास्तर आळस म्हणत. मी पदवीधर, मला सुशिक्षित कारण पाहिजे होतं. ते मी शोधून काढलं: चरबी. चरबीमुळं मन जड होतं, चरबी गेली की हलकं होईल. आईच्या मिरच्यांत आणि माझ्या शोधात फरक एवढाच, की मिरच्यांनी निदान शिंका तरी येत.

मिरजेला परदेशात शिकून आलेला एक सर्जन आतडं आखूड करून माणूस बारीक करतो, असं मी स्टाफरूममध्ये ऐकलं आणि आबांना घेऊन गेले. डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. मधला मोठा तुकडा वाटेतून बाजूला काढायचा, टोकं जोडायची, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब लागतील, अशक्तपणा येईल, म्हणाले. हे काम आपल्याकडं नवीन आहे, जीवाला धोका आहे, हेही म्हणाले. मी हो म्हणाले. धोक्याच्या वाक्याला जरा जास्तच पटकन म्हणाले. ते त्यांनी बघितलं असावं, पण तेव्हा बोलले नाहीत.

"पंधरा दिवसांनी भरती व्हा. तोवर हलकं खा, चार किलो तरी उतरवा. मधे एकदा वजन करून लिहून आणा."

एवढं वजन पेलणारा काटा गावच्या दवाखान्यात नव्हता. माझी आत्या सांगलीत राहायची आणि तिचे यजमान हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. तेव्हा माझं वजन हळदीच्या काट्यावर झालं. हमालानं मला वरखाली न्याहाळलं आणि सवयीनं विचारलं, "बाई, बारदान किती वजा धरू?"

"बारदानासकट लिही," मी म्हणाले.

"एक क्विंटल आठ किलोऽऽ!" त्यानं पोत्याला देतात तशी आरोळी दिली. सौद्याला जमलेल्या व्यापाऱ्यांनी माना वळवल्या. कुणी बोली लावली नाही. मला त्याची सवय होती.

इकडं गावात आईनं शेजारच्या काकीच्या कानावर घातलं होतं. काकी म्हणजे माझी सख्खी चुलती, भावकीतलं चालतं-बोलतं वर्तमानपत्र.

"आतडंच काढून ठिवत्यात म्हणं! मग पोरीनं खायाचं कवा?"

"खाल्लेलं अंगी लागणार न्हाई," आईनं सांगितलं.

"आगं मग अन्नाचा नास की! त्यापरीस आत्ताच खाऊ दे पोटभर."

दुसऱ्या दिवशी काकीकडून बोलावणं आलं. पुरणपोळ्या, कटाची आमटी, वर तुपाची धार.

"काकी, डाक्टरनी हलकं खायाला सांगितलंय."

"व्हय की! पोळी बघ कशी हलकी झालीया."

काकीनं घातलं म्हटल्यावर दुसऱ्या चुलत्यांना गप्प बसवेना. मटण झालं, शेवयाची खीर झाली, एका घरी दोन्ही झालं. कुंकू लावून खण हातात ठेवत. लग्नाच्या गडगनेरात बायका थट्टा करतात, नाव घ्यायला लावतात. माझ्या गडगनेरात थट्टा कुणाची करणार? त्या वाढत आणि पदरानं डोळे पुसत. गडगनेर आणि दहावा एकाच ताटात.

शेवटचं जेवण आत्याकडं सांगलीत. तिनं एक शिवलेला ब्लाउज पुढं केला, माझ्या एका दंडात जेमतेम बसेल असा.

"ह्यो नंतर घालायचा. आपरेशनाच्या मापाचा शिवून घेतलाय. पोरगा बी बघून ठिवलाय, बँकेत हाय."

"त्याला माझं आत्ताचं माप ठाऊक हाय?"

"त्याला कशाला सांगायचं? त्याला नुसतं आपरेशन झाल्यावर दावायचं."

मी सगळीकडं सगळं खाल्लं. भूक होती म्हणून नव्हे. नको म्हणायला जो जोर लागतो तो माझ्यात उरला नव्हता. पुरण काय, रस्सा काय, तोंडात ओला पुठ्ठा चघळल्यासारखं. पण नवरीला वाढतात तसं मला कुणीतरी वाढत होतं, आणि हे एवढंच आपल्या वाट्याला येणार, असं मनात बसलं होतं.

पंधरा दिवसांनी मिरजेच्या काट्यावर उभी राहिले. एकशे बारा. डॉक्टरांनी हळदपेठेची चिठ्ठी बघितली, काटा बघितला.

"चार उतरवायला सांगितले होते. तुम्ही चढवले?"

आबा सावधान उभे राहिले. "सर, गडगनेर झालं."

"कशाचं?"

"आतड्याचं, सर. भावकीनं केलं. दहा घरं झाली."

डॉक्टरांना हसू आवरेना. खुर्चीत मागं रेलून ते मला म्हणाले, "मग सांगा तरी, दहा घरांत सगळ्यात चांगलं काय झालं होतं?"

मी आठवायला लागले. काकीची पोळी तालुक्यात प्रसिद्ध. सांगायला काहीच नव्हतं.

"कशालाच चव नव्हती," मी म्हणाले.

त्यांचं हसू थांबलं. "केव्हापासून?"

"दोनेक वर्षं."

मग झोपेचं विचारलं, शाळेचं विचारलं. ऑपरेशन झाल्यावर काय काय करणार, विचारलं. मी म्हणाले, सकाळी उठावंसं वाटेल. त्यांनी पेन खाली ठेवलं. "यातून उठला नाहीत तर बरंच, असं मनात येतं का?"

मी फरशीकडं बघितलं.

त्यांनी माझे कागद मिटले. "बाई, मी आतडं कापू शकतो. ही गोष्ट माझ्या सुरीच्या टप्प्यातली नाही. माझे एक मित्र मनाच्या आजारांचे डॉक्टर आहेत, इथून दोन गल्ल्या पलीकडं. आजच जा. सहा महिन्यांनी ऑपरेशन हवंसं वाटलं तर या, तेव्हा बघू."

बाहेर बाकावर आबा तापले. "येड्याचा डाक्टर? माझ्या पोरीला? बी.ए. झाल्याली पोर!"

खरं सांगायचं तर मलाही तेच लागलं होतं. काचेतली पदवी डोळ्यांपुढं आली. वेड लागायला मी काय अडाणी होते? पण डॉक्टरांचा तो एक प्रश्न माझ्याबरोबर बाकावर येऊन बसला होता.

"आबा, आतडं तोडलेलं चालतंय आन् चार प्रश्न इचारल्यालं चालत न्हाई?"

"आतडं तोडलं तर ल्वाक भेटाया येत्यात. तिकडं गेलं तर कोण येत न्हाई."

"बरंच हाय की. येताना डबं घिऊन येत्यात."

आबा हसले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली. पलटणीतला माणूस, हळू बोलायची सवय नव्हती. त्या दिवशी हळू बोलले.

"त्यांनी शेवटचं इचारलं, तवा खाली का बघितलंस?"

"खरं हुतं म्हणून."

आबांनी टोपी चढवली आणि उठले. "चल. कुठली गल्ली म्हणाले?"

मनाच्या डॉक्टरांनी माझं वजन केलं नाही, तेवढ्यावरच मला ते आवडले. गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला बोलावलं. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं आणि वजन आणखी दोन किलोंनी वाढलं. भावकीला तर आधीच कोडं पडलं होतं. गडगनेर जेवून लग्न मोडलेली पोर त्यांनी बघितली होती, ऑपरेशन मोडलेली नव्हती. काकीनं तोंडावर विचारलं, "मग आमच्या जेवणाचं काय गं?"

"जिरलं," मी म्हणाले. कुठं जाते तेही सांगितलं. डब्याचं माझं खरं ठरलं, डबे थांबले. आत्यानं बघून ठेवलेल्या बँकेतल्या पोराला न बघताच माझी पत्रिका जुळेना. ब्लाउज मी धाकट्या चुलत बहिणीला दिला.

सर्जनकडं सहा महिन्यांनी जायचं की नाही, हे मी अजून ठरवलं नव्हतं. पण तिसऱ्या महिन्यात एका दुपारी आईनं आमटी-भाकरी वाढली. मी घास घेतला आणि थांबले.

"आई, आमटी खारट झालीया."

आईनं उचललेली पळी तशीच राहिली. "काय म्हणालीस?"

"खारट. लयच खारट."

दोन वर्षांत मी तिच्या स्वयंपाकाला एक शब्द बोलले नव्हते. ती तशीच उठली, वाटीत आमटी घेऊन काकीच्या दारात गेली. मला आतून ऐकू येत होतं.

"बघ गं, खारट झालीया का?"

काकीनं भुरका मारला. "न्हाई की. बरी हाय."

"तुला काय कळतंय," आई म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "माझी पोर खारट म्हणती. खारटच हाय ती."