उंबऱ्यावरचं ताट

मार्कंडेय नदीचा पूल ओलांडला तेव्हाच नागुबाईला धाप लागली होती, पण ती बसेना. पुढं उसाच्या खोडव्याशी मात्र थांबली. पिशवी छातीशी धरून, कडेच्या दगडाला हात टेकून श्वास घेऊ लागली. मंगल पुढं गेली होती. जेवणाचा डबा तिच्या हातात होता. ती वळून उभी राहिली, पण माघारी आली नाही.

"परत फिरूया काय, आत्ती?"

"निम्मी वाट सरली. आता फिरलं तरी तेवढंच चालायचं हाय."

"मी बांधापातूर येणार. खोपीत पाय ठेवणार न्हाय. आत्ताच सांगते."

"घरातनं निघताना सांगितलंस की. कितींदा सांगशील?"

मंगल नागुबाईची सून. तिचा नवरा महादेव मच्छे गावच्या कारखान्यात कामाला होता. तीन वर्षांमागं शिफ्ट संपवून कंग्राळीला घरी येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली. तो जागीच गेला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती, निदान झाडाची एखादी फांदी तोडून रस्त्यावर टाकावी, तेही कुणी केलं नव्हतं. ट्रॉलीवाला भावकू ती तशीच सोडून प्यायला गेला होता. आज ह्या दोघी ज्या खोपीकडं निघाल्या होत्या, तिथं तोच भावकू आजारी पडला होता, आणि डब्यातला मऊ भात त्याच्यासाठी होता.

नागुबाईनं आयुष्यभर बेळगावात एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासली. तिथल्या नर्सबायांची प्रार्थना ऐकता ऐकता तिला येशूची ओढ लागली, आणि नवरा वारल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला. भावकीनं लग्नाकार्याची बोलावणी बंद केली. पोरं मागनं "हालेलुया म्हातारी" म्हणून ओरडायची. महादेव तेवढा आईच्या बाजूनं राहिला, आणि लग्नानंतर मंगलही रविवारी तिच्यासोबत उपासनेला जाऊ लागली.

सासरच्या घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी घास घेत नसे. धर्म बदलला तरी नागुबाईच्या हाताची सवय जाईना. ती येशूच्या तसबिरीपुढं जर्मन धातूचं ताट वाढून ठेवायची, त्याभोवती पाणी फिरवायची. एकदा घरी प्रार्थनेला आलेल्या पास्टरांनी ते बघितलं.

"आक्का, हे काय? आपल्या प्रभूला नैवेद्य लागत नसतो."

"म्हंजे त्याला भूक न्हाय?"

पास्टरांना हसू फुटलं. "भूक आहे की. पण ती तसबिरीत नाही. दारात येणाऱ्या भुकेल्याला घाला, म्हणजे ह्याला पोचतं."

"आधी सांगायचं न्हाय व्हय! इतके दिस मांजरानंच खाल्लं की ते."

दुसऱ्या दिवसापासून ताट उंबऱ्यावर आलं. दिवेलागणीला आधी ते वाढायचं, मग घरातल्यांनी बसायचं. कधी मेंढका यायचा, कधी कल्हईवाला, कधी गावातली वेडी सुंदरा. "आये, तुझा पाव्हणा आला काय गं? मला लई भूक लागलीया," म्हणून महादेव आतनं ओरडायचा. त्याला पुरून आले त्या संध्याकाळीही म्हातारीनं उठून ताट ठेवलं. लोक म्हणाले, दुःखानं डोकं फिरलं.

मागल्या दिवाळीनंतर त्या उंबऱ्याशी एक दाढी वाढलेला, वास मारणारा माणूस येऊन मान खाली घालून उभा राहिला. मंगलनं त्याला कोर्टात बघितलं होतं. ती तशीच आत वळली.

"आत्ती, त्यो आलाय. ट्रॉलीवाला."

नागुबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. त्याच्याकडं बघितलं. मग ताटाकडं बघितलं. शेवटी तांब्या ताटापाशी टेकवला आणि पाठ फिरवून आत आली.

"पोटच्या लेकाला मारलं त्यानं, आन् त्याला जेवाय घातलं तुम्ही?"

"ताट आधीच ठिवलं हुतं गं," नागुबाई म्हणाली. "ठिवलेलं माघारी कसं घ्यायचं?"

मंगल त्या दिवशी जेवली नाही. भावकू मात्र रोज येऊ लागला. त्याचा ट्रॅक्टर विकला गेला होता, बायको माहेरी गेली ती आलीच नाही. नागुबाई ताट ठेवायची आणि पाठ फिरवायची. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तो उठून जाईपर्यंत मंगल आतलं दार ओढून बसायची.

मग तो यायचा थांबला. मंगलला वाटलं, सुटलो. पण दूध घालणाऱ्या ज्योतिबानं सांगितलं, की पोट फुगलंय, डोळे हळदीसारखे झालेत, मोठ्या दवाखान्यानंही घरी धाडलंय. ते ऐकून नागुबाईनं ताट पिशवीत घातलं. तिची स्वतःची छाती दुखत होती, एकटीला सोडणं शक्य नव्हतं. म्हणून मंगल निघाली होती.

कडोलीच्या शिवारात वैरणीचा भारा घेतलेली अक्काताई भेटली. ती मंगलच्या माहेरकडची.

"सासूसुना डबा घेऊन कुठं?"

"भावकूकडं," नागुबाईनं सांगून टाकलं.

अक्काताईनं भारा खालीच टाकला. "म्हातारीचं येशूबिशू ऱ्हाऊ दे तिच्यापाशी. पर मंगल, तुला काय धाड भरली? ज्यानं तुला रंडकी केली त्याला भात न्हेतीस?"

मंगलनं डबा दुसऱ्या हातात घेतला आणि चालू लागली. सकाळपासनं ती स्वतःलाच हे विचारत होती.

खोप उसाच्या पाल्याची होती. बांधावर मंगलनं डबा सासूच्या हातात दिला आणि चिंचेखाली पाठमोरी उभी राहिली. आत डब्याचं झाकण निघालेलं ऐकू आलं. मग ताट जमिनीवर खडखडलं. मग काहीच नाही. तिनं हाक मारली, उत्तर आलं नाही. मंगल दारापर्यंत गेली, आणि जायचं नव्हतं तरी आत गेली.

भावकू पोत्यावर पडला होता. हात इतके कापत होते, की घास तोंडाशी येईपर्यंत भात छातीवर सांडत होता. नागुबाई खांबाला धरून उभी होती. ओठ काळेनिळे पडले होते.

भावकूनं मंगलला बघितलं आणि तोंड कुडाकडं वळवलं.

"वैनी, कोर्टात इसरलो म्हणालो, पर दिवा लावायचं इसरलो न्हवतो," तो म्हणाला. "ट्रॉलीला दिवाच न्हवता. ठाव हुतं मला."

बाहेर एक टिटवी ओरडून गेली.

"मला खाली वाकाय येईना, मंगल," नागुबाई म्हणाली. "तू बस. त्याला भरव."

मंगल उभीच राहिली. डोळे ताटावर.

"तुझ्या मनात न्हाय, कळतंय मला," म्हातारी दमानं, एकेक शब्द गोळा करत म्हणाली. "माझ्याबी मनात कवा न्हवतं. आजबी न्हाय. तरी भरव, बाई."