मालकालाही न उघडणारा कागद

बायकांच्या वॉर्डात आया म्हणून राबते मी. इथल्या चादरी धुवून संपत नाहीत, तसेच इथले किस्से. सगळे हसायचे नाहीत, आधीच सांगते!

चाळीसगावच्या आमच्या दवाखान्यात पेशंटचे कागद कॉम्प्युटरमध्ये गेले आणि त्यांना कुलूप लागलं. कॉम्प्युटरवाल्या मॅडम म्हणाल्या, "हे कुलूप नाव विचारत नाही. तुम्ही कोण, ते बघतं. याच वॉर्डची, नर्स, आणि आज ड्यूटीवर. तिन्ही जुळलं तरच उघडेल."

मालक डॉक्टरांनी लगेच बोट लावून पाहिलं. उघडेना! "अहो, दवाखाना माझा आहे!"

"मालक असणं त्या अटींत नाही, सर."

*

रेखा सिस्टर भाचीच्या हळदीला मुक्ताईनगरला निघाल्या. पूर्वी पासवर्ड जिन्यातून ओरडून सांगायच्या! आता त्यांनी त्या कुलपाच्या आपल्या किल्लीचा एक तुकडा माझ्या मोबाइलवर दिला. कागदातला फक्त जेवणाचा भाग उघडणारा, फक्त त्यांच्या रजेपुरता.

एका म्हातारीची सून माझ्या कानाशी लागली, "सासूबाईंना झालंय तरी काय?"

"मीठ बंद शे. इतलंच माले माहीत शे!"

*

त्याच रजेत यावलकडची एक पोर वॉर्डात होती. कडेला तान्ही लेक, हात नवऱ्याने मोडलेला. हात कसा मोडला आणि इथून सुटल्यावर ती कुठे राहणार, ते सगळं तिच्या कागदात होतं. आणि तिचा सख्खा दीर आमच्याच एक्स-रेच्या खोलीत कामाला! पत्ता कळला असता तर त्या लोकांनी तिला ओढून नेलं असतं.

माझ्याकडे किल्ली आहे हे त्याने हेरलं. "अक्का, पाच मिनिटं दे ना. घरचाच कागद शे."

"मला मिळालेली पुढे देता येत नाही. वाचून दाखवते."

तो वाकला. मी वाचलं, "दूध दोनदा. तिखट बंद. भाकरी मऊ."

"आणि पत्ता?"

"माझ्या तुकड्यात चूल आहे रे, घर नाही!"

"नोकरी घालवीन तुझी."

"घालव. आधी तिला जेवू दे."

*

ती निघाली त्या दिवशी मॅडमनी तिला विचारलं, "तुझा कागद यापुढे कोणाला उघडू द्यायचा? अटी तूच सांग."

"नवऱ्याला?" तिची मान आडवी हलली. "सासरच्या कोणाला?" पुन्हा हलली. मग तिने मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं.

"हिले उघडू द्या. मोठी झाल्यावर."

मॅडम टाइप करत होत्या. "वय अठरा पूर्ण. आणखी काही अट?"

"सोयरीक जुळायच्या आधी."