वल्ह्याला लावलेला कान

होडी थांबवून शेजारच्या काशीनाथकाकांनी वल्हं पाण्यात उभं धरलं आणि त्याच्या दांड्याला कान लावला. ढोमा मासा पाण्याखाली कुरकुरतो. तो आवाज लाकडातून वर येतो, आणि त्यावरूनच ते आयुष्यभर जाळं टाकत आले. आज बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"काय ऐकू येतंय, काका?"

"लांबच्या तेलविहिरीची घरघर. बाकी काही नाही. पाणी तापलंय, मासा खोल गेला."

मीही कान लावला. समुद्र नेहमीसारखाच चमकत होता, पण ओळखीच्या घरात हाका माराव्यात आणि आत कुणीच नसावं, तसं वाटलं.

काका हळूच म्हणाले, "घरी सांगू नकोस. पोरांना वाटतंय, म्हातारा बहिरा झाला. तेच बरं आहे."