शुक्रवारचा सूर्य आणि अध्यक्षांचं भाषण

मंडळी, आज राजारामपुरीतल्या हॉलमध्ये आम्ही ज्यू जीवनावरचा चित्रपट महोत्सव सुरू केला, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

पहिलाच लघुपट कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांवरचा. त्यात आमच्या सारामावशींचे दिवंगत यजमान बोलताना दिसतात. मावशींनी तो कधी पाहिलेला नव्हता.

मुहूर्त मीच काढला होता. राहुकाळ टाळला, अमावास्या टाळली. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो, एवढंच सुचलं नाही.

“अंधाराआधी घरी दिवा लावायचाय,” मावशी म्हणाल्या. अध्यक्षमहोदय मात्र परस्परसन्मानावर बोलतच होते. मागून कुणीतरी ओरडलं, “ओ पावणं, आवरा की! मावशीस्नी घरी जायचं हाय!”

लघुपट लागेपर्यंत ऊन उतरलं. मावशी उठल्या. “आमचे हे घरीसुद्धा कधी वेळेवर आले नाहीत,” म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. रिक्षा वळली न वळली तोच यजमान पडद्यावर आले.

उद्या अंधार पडला की शब्बाथ संपेल, मग मावशींना टीव्ही लावता येईल. सीडी माझ्याकडे आहे, टीव्ही मावशींकडे. चालू स्थितीतला प्लेअर कुणी देईल का? भाषण करणाऱ्यांनी मात्र कृपया येऊ नये.